ड्रम्स : दादा

९ जानेवारी

ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर सांगितलं असतं, पण मी चार वाक्यं बोललो की तू ‘खरं काय ते सांग’ म्हणतेस आणि पुढचं माझ्या घशातच राहतं. कागद बरा. तो मधे बोलत नाही.

बातमी अशी की आमचा अल्बम निघतोय. हसलीस ना? हस. एकवीस वर्षं बँड चालवायचा आणि आता पहिला अल्बम, म्हणजे वरातीमागून घोडं. हे माझं नाही, माऊचं म्हणणं. तू परदेशी गेल्यावर ती आमच्यात आली. बेस वाजवते, दिवसा कुत्र्यामांजरांची डॉक्टर असते, म्हणून माऊ. बाकी संसार तोच. मी गातो आणि गिटार वाजवतो, दादा ड्रम्स बडवतो.

झालं असं. गेल्या महिन्यात वाचनालयाच्या मदतीसाठी आम्ही वाजवलं. श्रोते म्हणजे वाचनालयाचे कर्मचारी आणि चुकून आलेले दोघंचौघं. त्यात एक बाई होत्या. कार्यक्रम संपल्यावर विचारायला आल्या, “तुमचा अल्बम कुठे मिळेल?”

दादा म्हणाला, “अजून शिजतोय.”

“कधीपासून?”

“मला केस होते तेव्हापासून.”

त्या बाईंचा स्वतःचा स्टुडिओ आहे, छोटीशी कंपनी आहे. आठवड्याने त्यांचा फोन आला. स्टुडिओ त्यांचा, छपाई त्यांची, आम्ही फक्त वाजवायचं.

दादाला तर आभाळ ठेंगणं झालंय. तू ओळखतेसच त्याला. लिफ्ट दुरुस्त करायला ज्या इमारतीत जातो तिथे सांगत सुटलाय. वर पोचेपर्यंत माणसाला सुटका नाही. ड्रम्सना नवी कातडी चढवली. गादीवाल्याच्या गोदामात, जिथे आम्ही सराव करतो, तिथे चक्क झाडू मारला. अधूनमधून त्याच्या हातून वस्तू पडतात हल्ली, पण पन्नाशी आली, चालायचंच.

आईबाबा असते तर, वगैरे लिहिणार नव्हतो. बघ, लिहिलं.

तुझा धाकटा


८ फेब्रुवारी

ताई,

रेकॉर्डिंग सुरू झालं. स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या माडीवर दोन खोल्या, मधे जाड काच. काचेच्या अलीकडे बाई, पलीकडे आपण. माशासारखं वाटतं.

एक नवीन भानगड आहे. वाजवताना कानात यंत्राची टिकटिक चालू असते. तिच्या बरोबरीने वाजवायचं, म्हणजे नंतर सगळे तुकडे नीट जुळतात. माऊला ते पहिल्याच दिवशी जमलं. मला दुसऱ्या. दादाचं अजून घोडं अडलंय. तो सुरुवात बरोबर करतो, मग डावा हात मागे पडतो, मग तो भरून काढायला धावतो, आणि धावत टिकटिकीच्या पुढे जातो. बाई काचेआडून अंगठा वर करतात आणि म्हणतात, “छान. अजून एकदा.” दिवसभर नुसतं अजून एकदा.

काल दादा हेडफोन काढून म्हणाला, “हे तुमचं यंत्र चुकतंय.” सगळे हसले. तोही हसला. मग पाणी प्यायला बाहेर गेला. मी मागोमाग गेलो तर तो जिन्यात उभा राहून डावी मूठ उघडत होता, मिटत होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही रे. लिफ्टचे दोर ओढून ओढून आखडलाय.”

मी म्हटलं, “हो, तेच असेल.” मला तेच हवं होतं.

गाणी मात्र छान होतायत.

धाकटा


२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र वाचलंस की कुठेतरी ठेवून दे आणि रविवारी दादाचा फोन आला की यातलं अक्षर बोलू नकोस. तुझी शपथ घालत नाही, तुला शपथा आवडत नाहीत. विनंती करतो.

दादाचं वाजवणं चालण्यासारखं नव्हतं. बाईंनी ठरवलं की दुसरा वादक बोलवायचा. बाहेरचा, रोजावर वाजवणारा. तो मंगळवारी दुपारी आला, दादा कामावर असताना. चष्म्याचं दुकान मी दुपारपुरतं बंद ठेवलं. त्या माणसाने दादाचं एकेक गाणं दोनदा ऐकलं, मान डोलावली आणि वाजवून टाकलं. दादाच्याच जागा, दादाचेच ठोके, फक्त सरळ. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. जाताना म्हणाला, “ज्याने हे बसवलंय त्याचं डोकं भारी आहे.” मी त्याला दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

मी काय करणार होतो? बाई म्हणाल्या, मी गप्प बसलो.

माऊला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती बोक्याला टाके घालत होती, तिने मान वर केली नाही. म्हणाली, “आमच्याकडे मुकी जनावरं येतात. तरी मालकाला विचारल्याशिवाय मी सुई टोचत नाही. आणि दादाला तर तोंड आहे, कान आहेत.”

“त्याला सांगितलं तर तो मोडेल, माऊ.”

“तो मोडेल म्हणून नाही. तुला सांगायला लाज वाटेल म्हणून.”

आणि पुढे म्हणाली, “माझं जे वाजवून झालंय ते वापर. पण अल्बम निघायच्या आधी तू त्याला सांगायचं. मी सांगणार नाही. हे तुझं काम आहे.”

मी हो म्हटलं.

धाकटा


११ मे

ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण दोन्हींत एकच प्रश्न होता.

नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत अल्बम छापून आला. ‘उशीर’ नाव ठेवलंय, दादानेच सुचवलं. मागच्या बाजूला आमची तिघांची टोपणनावं आहेत. शेवटची ओळ ‘ड्रम्स : दादा’. त्या ओळीवर तो सारखा अंगठा फिरवत होता.

रविवारी सकाळी त्याने घरी सगळ्यांना बोलावलं. लिफ्टच्या कंपनीतले चौघं, शेजारी, वहिनीचे आईवडील, गादीवाला. माऊ आली नाही. कुत्रीचं बाळंतपण आहे म्हणाली. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा दादा स्वतः जमिनीवर बसला, बरोबर स्पीकरसमोर. मी दाराशी उभा राहिलो, पटकन निघता यावं म्हणून.

पहिलं गाणं लागलं. मला वाटलं, आता कळेल. पहिल्या ठोक्यालाच कळेल. एकवीस वर्षं जो माणूस वाजवतो त्याला स्वतःचा हात कळणार नाही?

नाही कळला, ताई. तो ऐकत राहिला, हळूहळू त्याचं तोंड उघडं पडलं, आणि गाणं संपल्यावर तो वहिनीकडे वळून म्हणाला, “मी म्हणत नव्हतो? वाजवताना काही कळत नाही. बाहेर बसून ऐकलं की कळतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीतल्या एकाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. “काय रे छुप्या रुस्तमा!” दादा लाजला. मग उठला, दाराशी आला आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. म्हणाला, “मधे माझी फाटली होती रे. म्हटलं, माझ्यापायी तुमचं सगळं बुडतंय. पण बाईंनी जमवलं बघ.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एक खरं सांगतो, कारण तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू: माझा जीव भांड्यातही पडला. वाटलं, सुटलो.

धाकटा


१५ जून

ताई,

सुटलो नाही.

अल्बम बरा चाललाय. तीन ठिकाणी बोलावणं आलं. पहिला कार्यक्रम झाला तेव्हा नवी माणसं पुढे उभी होती, गाणी पाठ करून आलेली. दादा अल्बमसारखं वाजवायला गेला आणि दुसऱ्याच गाण्यात घसरला. पुढच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दादाने ते पाहिलं.

तेव्हापासून तो रोज कामावरून सुटला की गोदामात जातो. कानात आपलाच अल्बम लावतो आणि त्याच्या बरोबरीने वाजवायचा प्रयत्न करतो. समजतंय ना तुला? त्याला वाटतं, चार महिन्यांपूर्वी आपण असं वाजवत होतो आणि आता हात उतरला. गादीवाला सांगत होता, परवा त्याने काठ्या भिरकावल्या आणि गाद्यांच्या ढिगावर बसून राहिला.

वहिनीने त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या आग्रहाने मीही गेलो. डॉक्टरांनी त्याला बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं, हाताचे सांधे वाकवून बघितले. मग विचारलं, “हे कधीपासून?” दादाने खिशातून फोन काढला. म्हणाला, “डॉक्टर, ऐका. हे मी फेब्रुवारीत वाजवलंय.” आणि तिसरं गाणं लावलं, ज्यात ड्रम्स सगळ्यात अवघड आहेत. डॉक्टर डोळे मिटून ऐकत राहिले. मग दादाने मांडीवर तोच ताल धरून दाखवला. डावा हात मधेच अडखळला.

डॉक्टरांनी विचारलं, “नक्की याच फेब्रुवारीतलं?” आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्ही होतात तेव्हा?”

मी म्हटलं, “हो. मी होतो.”

होतोच की मी.

डॉक्टर म्हणाले, असे आजार सहसा सावकाश वाढतात, वर्षानुवर्षं. चार महिन्यांत इतका फरक म्हणजे हे प्रकरण फार झपाट्याने चाललंय. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं, उंचावर चढणं आजपासून बंद. जास्त ताकदीच्या गोळ्या दिल्या, मोठ्या तपासण्या लिहून दिल्या. वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वर्षाचं बेतताना जरा सांभाळून बेता.

गोळ्यांनी त्याला मळमळतं, दिवसभर गुंगी असते. वहिनी काल माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक बसलेलं होतं, तरी उभ्याउभ्या म्हणाली, “भाऊजी, रात्री ते मुलीला जवळ घेऊन विचारत होते, बाबा आठवेल ना गं तुला? तुम्ही काहीतरी बोला त्यांच्याशी. तुमचं ऐकतात.”

मी त्या गिऱ्हाइकाला चुकीची काच लावून दिली. आज ते परत आलं.

धाकटा


२४ जून

ताई,

तुझं कार्ड आलं. ‘तू सांग, नाहीतर रविवारी मी सांगते.’ पुढे नुसती सही, आशीर्वादसुद्धा नाही. बरोबर केलंस.

काल सांगितलं. तो गॅलरीत बसला होता, खांद्यावर टॉवेल, गोळ्या उलटून पडल्या होत्या. मी समोर स्टूल घेतलं आणि म्हटलं, “दादा, अल्बमवर तू नाहीस.”

“म्हणजे?”

“ड्रम्स दुसऱ्याने वाजवलेत. तू कामावर असताना. तुझं जमत नव्हतं. फेब्रुवारीत तुझा हात आज आहे तसाच होता.”

मग त्याने काय केलं माहीत आहे? तो हसला. मोठ्याने हसला आणि आत ओरडला, “अगं ए! ऐकलंस का? मी तेवढा बिघडलेलो नाहीये! हात आधीपासूनच असा आहे!” वहिनी पिठाच्या हातांनी धावत आली. त्याने तिला सगळं सांगितलं, माझ्या तोंडचं जसंच्या तसं, एखादी आनंदाची बातमी सांगावी तसं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग म्हणाली, “आत्ता उठा. डॉक्टरांना फोन करा.”

डॉक्टर भडकले. भडकणारच. पण मोठ्या गोळ्या लगेच कमी केल्या आणि म्हणाले, मग हे सावकाशीचंच दिसतंय, पुन्हा नीट तपासू.

फोन ठेवल्यावर दादा परत गॅलरीत आला. आता तो हसत नव्हता.

“म्हणजे त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते ते,” तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. जरा वेळाने विचारलं, “कल्पना कुणाची?”

मी म्हटलं, “बाईंची.”

त्याने मान हलवली. “तिचं कामच आहे ते. तिला माल विकायचाय. तू तरी काय करणार?” आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तोच डावा हात.

मी तो हात तसाच राहू दिला.

धाकटा


१३ जुलै

ताई,

दादा माझ्याशी बोलत नाही. रविवारी तुला त्याने सांगितलंच असेल, किंवा नसेलही. माझ्याकडून ऐक.

तो बाईंकडे गेला होता. भांडायला नाही. त्याला स्वतःचं फेब्रुवारीतलं वाजवणं ऐकायचं होतं. डॉक्टरांनीही ते मागितलं होतं. बाईंनी ते जपून ठेवलं होतं. त्याला खुर्ची दिली, ऐकवलं. आणि तो जाताना म्हणाला, “तुम्ही केलंत त्याचा राग नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “मी? मला तर तुमचंच ठेवायचं होतं. टिकटिक बंद करून तिघांना एकत्र वाजवू दे म्हटलं होतं मी. थोडं हललं तर हललं. दुसरा माणूस आणायचं तुमच्या भावाने सांगितलं.”

खरं आहे ते. तुला फेब्रुवारीत लिहिलं की बाईंनी ठरवलं आणि मी गप्प बसलो. मी गप्प नव्हतो. मीच त्यांना फोन केला होता, दुकानातून, शटर अर्धं ओढून. म्हटलं, आयुष्यात एकच अल्बम होणार आहे माझा, तो हललेला नको. ‘माझा’ म्हणालो, ताई. ‘आमचा’सुद्धा नाही. दादाला कळवू नका, मी बघतो, हेही मीच म्हणालो. बाई नको म्हणत होत्या. मी त्यांची समजूत घातली.

आणि कबूल करायला बसलो तेव्हाही अर्धंच कबूल केलं. त्याने गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा तोंड उघडायला मला कुणी अडवलं नव्हतं.

मी त्याच्या घरी गेलो. वहिनी दारातच उभी राहिली. “घरात आहेत. पण भेटायचं नाही म्हणतात.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “ड्रम्सचं त्यांनी गिळलं असतं, भाऊजी. ‘मी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं होतं, कल्पना कुणाची, तरी खोटं बोलला,’ असं म्हणतात सारखे.”

तू मध्यस्थी करू नकोस. करशील म्हणून आधीच लिहितोय. या वेळी माझ्या वतीने कुणी बोलायचं नाही.

एक केलं. बाईंना सांगून पुढच्या छपाईत त्या वादकाचं नाव घातलं. दादाचं नाव ‘ताल बसवला’ म्हणून. वहिनीला निरोप ठेवून दादाला आधी विचारलं. ‘बरोबर आहे,’ एवढंच उत्तर आलं, वहिनीच्या तोंडून.

धाकटा


६ सप्टेंबर

ताई,

तपासण्या झाल्या. आजार आहे, पण सावकाशीचा. गोळी हलकी दिलीय, ती मानवते. कंपनीने त्याला कचेरीत बसवलंय, नव्या लोकांना शिकवायला. हे सगळं मला वहिनीकडून कळतं. बरंचसं तुलाही ठाऊक असेल. तू मला लिहीत नाहीस, म्हणून माझ्याकडून लिहून ठेवतो.

मी कार्यक्रम रद्द केले. लोकांना खरं कारण कळवलं. काहींनी शिव्या घातल्या, एकाने अल्बम परत पाठवला. बरं वाटलं म्हणत नाही, पण दुकानात आरशासमोर चष्मे लावून दाखवताना आता मान वर राहते थोडी.

काल गादीवाला भेटला. सहज बोलल्यासारखं म्हणाला, “तुमचे दोघं येतात हो रोज. तुम्ही दिसत नाही?”

संध्याकाळी गेलो. बोळातूनच ऐकू येत होतं. दादा आणि माऊ, नुसते ड्रम्स आणि बेस, आपलं तिसरं गाणं. ना टिकटिक, ना काही. दादाचा डावा हात मागे पडला की माऊ त्याच्यासाठी थांबायची, आणि मग दोघं मिळून पुढे जायची. चांगलं वाजत होतं असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल. काही ठिकाणी वाईटच होतं. पण ताल तोच होता, मी लहानपणापासून ज्यावर गात आलो तो. मी दार ढकललं आणि उंबऱ्यावर थांबलो. आत पाऊल टाकायचं धाडस होईना. परत फिरावंसंही वाटेना.

माऊने मला बघितलं आणि वाजवत राहिली. दादा पाठमोरा होता. वाजवता वाजवताच ओरडला, “कोण उभंय दारात? दार लाव. आवाज बाहेर जातोय.”

माझी चाहूल त्याला ओळखता येत नाही असं होणार नाही. आत ये म्हणाला नाही. जा म्हणाला नाही.

मी दार लावलं. आतून.

तिथेच गाद्यांना टेकून बसून राहिलो. गाणं संपलं, तो वळला नाही, माऊशी काहीतरी बोलला आणि पुन्हा सुरू केलं, या वेळी जरा संथ. माझी ओळ आली, गेली. मी गायलो नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज परत जाणार आहे.

तुझा धाकटा